सुकवणीचे बारा दिवस

सायगॉनच्या उत्तरेला, रबराच्या मळ्यांना लागून
जो खुर्च्यांचा कारखाना आहे,
तिथे मी टोर्बेनसाहेबांची जीभ.
पगार महिन्याचा, दुपारचा भात कारखान्याचा,
शब्द दोन्हीकडचे, माझा एकही नाही.

ते आले त्याच दिवशी भट्टीवरचे सिऊकाका
मला म्हणाले, साहेबांचं वय विचार.
साहेब दचकले. डेन्मार्कात म्हणे असं विचारत नाहीत.
पण आमच्यात समोरच्याचं वय कळल्याशिवाय
साधं 'मी'सुद्धा म्हणता येत नाही.
मी धाकटी बहीण, पुतणी, की नात?
आधी नातं, मग वाक्य.
एक्केचाळीस, ते म्हणाले,
विमा एजंटासमोर बसल्यासारखे.

दुपारी बाराला दिवे मालवतात.
तीनशे माणसं पुठ्ठे अंथरून आडवी होतात.
पहिला आठवडाभर त्या अंधारात साहेब
फोनवर हॅम्बुर्गशी मोठमोठ्यानं बोलत हिंडले,
झोपलेल्या पायांमधून वाट काढत.
कुणी काही बोललं नाही.
ते न बोलणं फार मोठ्यानं होतं;
मला त्याचं भाषांतर जमलं नाही.

मग मे महिन्यातली ती बैठक.
लाकूड भट्टीत बारा दिवस सुकतं.
नऊ करू, साहेब म्हणाले, जहाज काही थांबत नाही.
सिऊकाकांनी टेबलावरच्या भुशात बोटानं एक रेघ ओढली,
पुसली,
आणि म्हणाले, 'या.'

आता गंमत बघा,
साहेबांच्या मायबोलीतही 'या' आहे.
तिथे त्याचा अर्थ हो.
आमच्याकडे त्याचा अर्थ, बरं. ऐकलं.
तुमचा आवाज माझ्यापर्यंत आला.
त्यापुढे काहीच नाही.
साहेब खूश झाले. मी वही मिटली.
दुभाष्यानं मध्ये तोंड घालू नये, असं करारात आहे,
कलम सहा.

जानेवारीत फोटो आले.
हीटर लावलेल्या कुणाच्या तरी घरात
आमच्या खुर्च्या बसल्या जागी उकलल्या होत्या,
सांध्यासांध्यातून.
'तो हो म्हणाला होता!' साहेब ओरडले.
मी कलम सहा गिळलं.
नव्हता म्हणाला, म्हटलं. मला तेव्हाच कळलं होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले.
रागानं असेल; मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदावर भाषण लिहून आणलं.
पहिलाच शब्द 'वुई'.
कुठलं, मी विचारलं.
कुठलं म्हणजे?
आमच्याकडे दोन आहेत.
एकात समोरचा माणूस असतो, एकात नसतो.
एक 'आपण', एक 'आम्ही'.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
'मग नऊ महिने माझं कुठलं सांगत होतीस, थ्वा?'

बाहेर ट्रक मागे घेताना वाजत होता.
तो थांबेपर्यंत मी थांबले.
'आम्ही,' मी म्हटलं.
'तुमच्या आवाजात मला तेच ऐकू यायचं.'

कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.
भट्टीच्या दारात उभं राहून, भाषण न करता,
स्वतःच्याच तोंडानं म्हणाले, 'चुंग ता'.
आपण.
सूर इतका चुकला की पॉलिशवाल्या पोरी
तोंडावर हात धरून हसल्या.
पुढचं मी सांगितलं: आपण चुकलो. आपण काय करू या?

सिऊकाका म्हणाले, 'या.'

आणि साहेब थांबले.
घड्याळाकडे न बघता.
भट्टीचा पंखा फिरत होता,
ओल्या लाकडाचा आंबूस वास येत होता,
बर्फाच्या चहाचा ग्लास माझ्या हातात घामेजला होता.
इतका वेळ ते कधीच गप्प राहिले नव्हते.

'या...' काका म्हणाले. 'पण...'

मी तोंड उघडलं.
साहेबांनी मला हातानंच थोपवलं,
आणि आधी काकांसाठी स्टूल ओढलं.